बँडमास्तर: पलटणीपासून हळदीच्या मांडवापर्यंत

ब्रास बँडचा मास्तर एकाच आयुष्यात तीन पेशे करतो. तो स्वतः वाजवतो, बँडसाठी चाली बसवतो आणि नवी पोरे तयार करतो. संगीताच्या इतर दालनांत ही कामे हळूहळू वेगळी झाली. नाटक कंपनीत चाली देणारा एक आणि गाणारा दुसरा असे. गायन शिकवण्यासाठी तर विसाव्या शतकाच्या आरंभापासून विद्यालये निघाली. बँडच्या धंद्यात अशी वाटणी झालीच नाही. नुकत्याच लागलेल्या सिनेमातले गाणे या आठवड्याच्या वरातीत वाजले पाहिजे, आणि ते वाजवणारा पोरगा गेल्या पावसाळ्यात भाताच्या खाचरात होता, अशा धंद्यात सगळे काही मास्तरालाच व्हावे लागते. या तिहेरी पेशाचा इतिहास तंजावरच्या मराठा दरबारापासून सुरू होतो. गोव्यातल्या चर्चच्या शाळा आणि मुंबईचे स्टुडिओ ओलांडून तो शहापूर-मुरबाडच्या हळदीच्या मांडवापर्यंत येतो.

मराठी राजाने पाश्चात्त्य पद्धतीचा बँड पदरी ठेवल्याचे सर्वांत ठळक जुने उदाहरण तंजावरचे आहे. सरफोजी राजे दुसरे यांची कारकीर्द 1798 ते 1832 अशी झाली. त्यांचे शिक्षण श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली झाले होते. या विद्याव्यासंगी राजाने युरोपीय वाद्ये आणि स्वरलिपीची पुस्तके मागवली, दरबारात बँड उभा केला आणि त्याच्यासाठी स्वतः रचनाही केल्या. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात त्या काळच्या पाश्चात्त्य स्वरलिपीतल्या हस्तलिखितांचा संग्रह आहे. तंजावरच्याच परिसरात पुढे क्लॅरिनेट हे वाद्य नृत्याच्या साथीला बसले. परक्या देशाचे वाद्य आपल्या रागाला वळवून घ्यायचे आणि त्यासाठी नवी रचना करायची, ही गोष्ट इथे प्रथम राजवाड्यात घडली. पुढच्या दीडशे वर्षांत ती गावोगावच्या बँडमास्तरांनी केली, फरक इतकाच की त्यांच्यामागे ग्रंथालय नव्हते.

तंजावरचा बँड हा राजाचा छंद होता. बँडचा रोजगार मात्र फौजेतून आला. ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींना कवायतीसाठी, कूच करण्यासाठी आणि अधिकाऱ्यांच्या मेजवानीसाठी बँड लागत असे. ढोल, बासरी आणि बिगुल ही सुरुवातीची वाद्ये. साध्या बिगुलातून मोजकेच स्वर निघतात, त्यांतून पुरी सरगम होत नाही. 1818 साली प्रशियात श्ट्योल्झेल आणि ब्ल्यूमेल या दोघा वादकांनी पितळी वाद्याला झडप बसवण्याचे पेटंट घेतले. तीन झडपांच्या उघडझापीने बारा स्वर हाती आले, आणि नुसत्या पितळी वाद्यांवर पुरे गाणे वाजवणे शक्य झाले. 1840 च्या दशकात आडोल्फ साक्स याने एकाच घडणीची लहानमोठी पितळी वाद्ये तयार केली, आणि सॅक्सोफोनचे पेटंट 1846 मध्ये घेतले. इंग्लंडात गिरण्यांचे आणि खाणींचे बँड याच काळात निघाले. तिथे दिवसभर गिरणीत राबणारा कामगार संध्याकाळी हौसेने वाजवी. हिंदुस्थानात बँड वाजवणे हे पहिल्यापासून पोटाचे साधन राहिले, आणि पुढची सगळी घडण त्यावरच ठरली.

लष्कराच्या बँडला स्वरलिपी वाचणारी माणसे हवी होती. ब्रिटिश सैन्याने त्यासाठी 1857 मध्ये लंडनजवळ नेलर हॉल येथे संगीताची शाळा काढली. हिंदुस्थानात अशी माणसे आयती तयार होती ती गोव्यात. सोळाव्या शतकापासून तिथल्या चर्चला जोडलेल्या शाळांत अक्षरओळखीबरोबर संगीत शिकवले जाई. या शाळेचा मास्तर मेस्त्र म्हणून ओळखला जाई, आणि तिहेरी पेशाचा तो जुना नमुना होता. मुलांना तो आधी वाद्याला हात लावू देत नसे. कागदावरचे स्वर तोंडाने म्हणायचे आणि हाताने मात्रा मोजायच्या, हा पाठ पक्का झाला की मग व्हायोलिन, क्लॅरिनेट किंवा पितळी वाद्य हाती येई. रविवारी तोच चर्चमध्ये गायनवृंद सांभाळी आणि सणाला बँड चालवी. उपवासाच्या काळात म्हटली जाणारी मोतेत नावाची भक्तिगीते व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि मोठ्या बास व्हायोलिनच्या साथीने गायली जात. त्यांतली पुष्कळशी अशा मास्तरांनीच रचली. गावच्या फेस्ताच्या पहाटे बँड वाजवत गाव जागे करण्याची आल्वोराद ही प्रथा गोव्यात टिकून आहे.

पोर्तुगीज गोव्यात या विद्येला पोट भरण्याइतके काम नव्हते. म्हणून शिकलेले तरुण ब्रिटिश मुलखात गेले. पलटणींचे बँड, पोलिसांचे बँड, संस्थानिकांचे बँड, आगबोटींवरचे वाद्यवृंद, हॉटेले, सर्कशी, जिथे स्वरलिपी वाचणारा हवा तिथे गोमंतकीय वादक पोहोचला. मुंबईत धोबीतलाव आणि आसपासच्या गल्ल्यांत गावोगावच्या लोकांनी चालवलेल्या कुडांमध्ये तो उतरे. तिथेच फुर्तादोंचे वाद्यांचे दुकान होते. या घराण्याचा व्यवसाय 1865 सालचा. मुंबईच्या मैदानांत आणि समुद्रकाठी बँडसाठी चबुतरे उभे राहिले. कूपरेजचा चबुतरा 1867 चा. संध्याकाळी लष्कराचा किंवा पोलिसांचा बँड तिथे वाजे आणि सगळ्या जातिधर्मांचे लोक तो फुकट ऐकत. पारशी लग्नांत बँड आला, मग इतर धनिकांच्या वरातींत आला. 17 एप्रिल 1892 रोजी मुंबईत पहिला कोंकणी तियात्र रंगला. पुढे ट्रंपेट आणि सॅक्सोफोनची जोडी हे या नाट्यप्रकाराचे लक्षणच ठरले.

याच काळात मराठी मुलखात सर्कशीचा उदय झाला. विष्णुपंत छत्रे यांनी 1880 मध्ये आपली सर्कस सुरू केली आणि सांगलीच्या परिसरातून पाठोपाठ अनेक सर्कशी निघाल्या. सर्कशीला बँडवाचून चालत नाही. झोक्यावरच्या माणसाने उडी घेतली की त्याच क्षणी ढोलाचा ठोका पडावा लागतो, वाघ पिंजऱ्याबाहेर येताना वेगळी चाल लागते. गावात तंबू उभा राहिला की बँड रस्त्यारस्त्यांतून जाहिरात करत फिरे. पुढे मूकपटांच्या जाहिरातीलाही हातगाडी, फलक आणि बँड अशी मिरवणूक निघू लागली. खेड्यातल्या पुष्कळ माणसांनी ट्रंपेट पहिल्यांदा ऐकले असेल ते अशा मिरवणुकीत किंवा तंबूबाहेर.

संस्थानांपैकी बडोद्याने संगीतशिक्षणाचा विचार सर्वांत नेटाने केला. मौलाबक्ष (1833–1896) यांच्या हाताखाली तिथे 1886 मध्ये गायनशाळा सुरू झाली. भारतीय संगीत लिहून शिकवता यावे म्हणून त्यांनी स्वरलेखनाची पद्धत बसवली आणि पुस्तके छापली. संस्थानचा बँडही होता. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, 1908 मध्ये ते मुंबईत आणले. गायन आणि सतार, तबला यांसारखी वाद्ये या वाटेने घराण्यांच्या कोंडाळ्यातून बाहेर पडून मध्यमवर्गीय घरांत शिरली. परीक्षा आल्या, पदव्या आल्या. गोव्यातही आंतोनियो द फिगैरेदो यांच्या पुढाकाराने 1952 मध्ये पणजीला संगीत अकादमी निघाली. रस्त्यावरच्या बँडला यांतले काहीच लाभले नाही. मध्यमवर्गाच्या लेखी तो संगीत नव्हे, लग्नाचा खर्च होता. ही दृष्टी अन्यायाची होती, कारण गावातल्या दहा-बारा जणांना एका सुरात आणायचे कसब विद्यालयातल्या शिक्षकाच्या कसबापेक्षा कमी नव्हते.

महाराष्ट्रात बँडमध्ये आले कोण, हे पाहिले म्हणजे त्या दृष्टीचे मूळही कळते. गावगाड्यात वाजवण्याचे काम जातीला बांधलेले होते. गुरव, घडशी, होलार, मातंग यांच्याकडे प्रदेशाप्रमाणे सनई, चौघडा, डफ, हलगी, ताशा अशी वाद्ये होती. देवाची पालखी असो की पाटलाच्या घरचे लग्न, वाजवायला जावेच लागे आणि मोबदला बलुत्यातून किंवा मानाच्या खणानारळातून मिळे. बँडने हा संबंध बदलला. बँडवाल्याला सुपारी द्यावी लागते, दर ठरवावा लागतो, उरलेले पैसे वरात संपल्यावर हातावर ठेवावे लागतात. अंगात गणवेश, खांद्यावर झालरी, डोक्यावर टोपी. ज्याला मांडवाच्या कडेला उभे राहावे लागे तो पलटणीच्या थाटात वरातीच्या अग्रभागी चालू लागला. 1958 च्या कायद्याने मुंबई राज्यातली कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली, पण बँडवाल्यांनी रोख व्यवहाराची वाट त्याआधीच धरली होती. जुनी जातीची छाया पुरती गेली नाही, हेही खरे. वादकाची कला हवी आणि पंगतीत तो नको, अशी वागणूक पुढेही अनेक ठिकाणी राहिली.

वाद्ये स्वस्त झाली नसती तर हे घडले नसते. इंग्लंड-फ्रान्समधून येणारे ट्रंपेट खेड्यातल्या माणसाच्या आवाक्यात नव्हते. 1885 साली मेरठला नादिर अली आणि कंपनी सुरू झाली. तिचा संस्थापक स्वतः लष्करी बँडशी संबंधित होता. मेरठच्या जली कोठी भागात पुढे बिगुल, ट्रंपेट, युफोनियम, ढोल आणि गणवेश तयार करणारी दुकाने आणि कारखाने उभे राहिले, आणि आजही देशभरच्या लग्नाच्या बँडची वाद्ये प्रामुख्याने तिथूनच येतात. पलटणींनी टाकलेली जुनी वाद्येही बाजारात फिरत.

मराठी शहरांतल्या बँडांपैकी पुण्याचा प्रभात ब्रास बँड सर्वांना परिचित आहे. 1938 साली स्थापन झालेला आणि सोलापूरकर घराण्याने चालवलेला हा बँड मानाच्या गणपतीच्या विसर्जन मिरवणुकीत पिढ्यान्‌पिढ्या वाजत आला. पुण्याच्या बँडांनी एक वेगळी रीत पाडली. चौकात मिरवणूक थांबली की बँडही थांबून गोल करतो आणि मग नाट्यगीत, अभंग, भावगीत, शास्त्रीय चीज अशी वाजवली जाते की लोक नाचणे सोडून ऐकत उभे राहतात. लग्नाच्या वरातीतल्या आणि मैफलीतल्या वादनामधली भिंत अशा चौकांत गळून पडे. बालगंधर्वांच्या काळातली पदे तिकीट काढू न शकलेल्या माणसांपर्यंत ज्या वाटांनी पोहोचली, त्यांत बँड ही एक मोठी वाट होती.

मास्तर चाली बसवतो म्हणजे नेमके काय करतो, हे समजून घेण्यासारखे आहे. बँडमधले ट्रंपेट आणि नेहमीचे क्लॅरिनेट ही वाद्ये पेटीच्या भाषेत काळी पाचची. आल्टो सॅक्सोफोन काळी दोनचा. म्हणजे कागदावर किंवा बोटांत एकच ‘सा’ धरला तरी दोन्ही वाद्यांतून वेगळा स्वर निघतो. मास्तराला प्रत्येक वाद्याची बोटे वेगळी सांगावी लागतात. दुसरा प्रश्न मींडेचा. झडपेचे वाद्य स्वरावरून स्वरावर उडी मारते, आणि मराठी गाणे तर स्वरांच्या मधल्या जागेत राहते. ट्रंपेटवाला ओठाच्या दाबाने आणि अर्धी झडप दाबून ती जागा शोधतो. क्लॅरिनेटवर बोट भोकावरून हळूहळू सरकवता येते, म्हणून नाट्यगीताला आणि लावणीला क्लॅरिनेट अधिक मानवते, आणि म्हणूनच पुष्कळ मास्तर क्लॅरिनेटवाले असतात. गाण्याची मुख्य ओळ ते वाजवतात, ट्रंपेट तिला दुजोरा देतात, युफोनियम खर्जात दुसरी ओळ धरतो आणि मोठा ढोल, साइड ड्रम, झांज, खुळखुळा ताल सांभाळतात. सिनेमाच्या गाण्यात शंभर वादकांनी वाजवलेले मधले तुकडे बारा माणसांत बसवायचे असतात. कोणता तुकडा ठेवायचा, कोणता सोडायचा, कडव्यानंतर सगळ्यांनी एकदम कुठे यायचे, हा निर्णय रचनाकाराचाच असतो. त्या रचनेवर त्याचे नाव कधी लागले नाही.

गाणे मिळवण्याचे साधन काळाप्रमाणे बदलले. आधी ग्रामोफोन होता, पण तबकडी विकत घेणे सोपे नव्हते. मास्तर हॉटेलात बसून तीच तबकडी पुन्हा लावायला सांगे किंवा थिएटरात खेळावर खेळ बघे. 1952 पासून रेडिओ सिलोनवर हिंदी चित्रगीतांचा साप्ताहिक क्रम सुरू झाला. कुठले गाणे वरातीत मागितले जाणार याचा अंदाज मास्तराला त्यावरून येई. 1954 च्या ‘नागिन’ सिनेमातली पुंगीची धून देशभरच्या बँडांनी उचलली आणि ती आजही वाजते. मूळ ध्वनिमुद्रणात ती पुंगी नव्हे तर इलेक्ट्रॉनिक की-बोर्डवर वाजवलेली आहे. कॅसेट आल्यावर काम सोपे झाले. पेटीवर स्वर काढायचे, वहीत देवनागरीत सरगम लिहायची आणि तीवरून पोरांकडून घोटून घ्यायची, ही महाराष्ट्रातली रूढ पद्धत. गोमंतकीय बँड पाश्चात्त्य स्वरलिपीवर चालले, मराठी बँड कानावर आणि वहीवर.

ज्यांची विद्या लिहिलेल्या स्वरांवर होती त्यांच्यासाठी 1940 नंतर मुंबईत नवे दालन उघडले. बोलपटांना मोठे वाद्यवृंद लागू लागले आणि संगीत दिग्दर्शकाने गुणगुणलेली चाल पन्नास वादकांसाठी कागदावर उतरवणारे संयोजक लागू लागले. हळदोण्याचा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो शाव्हियेर वाझ (1916–1967), हॉटेलांत स्वतःचा बँड चालवी. सी. रामचंद्रांच्या गाण्यांना जॅझचा जो बाज आला त्यात त्याचा वाटा मोठा. 1951 च्या ‘अलबेला’ मध्ये तो आणि त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. कुडचड्याचा फ्रँक फर्नांड (1919–2007) हाही ट्रंपेटवादक. हिंदी चित्रपटांत त्याने संयोजनाचे काम केले आणि मग कोंकणीत ‘आमचें नशीब’ (1963) आणि ‘निर्मोण’ (1966) हे चित्रपट काढले. मडगावच्या बोर्डा भागात जन्मलेला ख्रिस पेरी (1928–2002) ट्रंपेट आणि सॅक्सोफोन वाजवी, गाणी लिही, चाली देई आणि गायकांना बोलावा तसा आवाज काढेपर्यंत घोटून घेई. लोर्ना या गायिकेबरोबर त्याने केलेली कोंकणी गाणी गोव्यात आजही घरोघर वाजतात.

शिकवण्याच्या बाजूने पाहिले तर दोन नावे टाळता येत नाहीत. पंडित रामप्रसाद शर्मा हे ट्रंपेटवादक. मुंबईत त्यांनी आपल्या मुलांना आणि इतरांच्या मुलांनाही स्वरलिपी शिकवली, आणि त्यांचा मुलगा प्यारेलाल पुढे लक्ष्मीकांत–प्यारेलाल या जोडीतला संयोजक म्हणून गाजला. प्यारेलालचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस (1927–2012) हे माजोर्ड्याच्या चर्चमधल्या वादकप्रमुखाचे चिरंजीव. ते बँडवाले नव्हते, पण मेस्त्राच्या शाळेत वाढले होते आणि वाजवणे, रचणे, शिकवणे ही तिन्ही कामे त्यांनी केली. शिष्याने 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’ मधल्या गाण्यात गुरूचे नाव गुंफले. मनोहारी सिंग (1931–2010) हा सॅक्सोफोनवादक बंगालमध्ये बाटा कंपनीच्या ब्रास बँडमध्ये तयार झाला आणि 1958 मध्ये मुंबईत आला. कारखान्याच्या बँडपासून राहुलदेव बर्मनच्या वाद्यवृंदापर्यंतचा हा प्रवास बँडच्या शाळेची ताकद दाखवतो. स्टुडिओतल्या अशा बहुतेक वादक-संयोजकांची नावे चित्रपटाच्या श्रेयनामावलीत आलीच तर ‘सहायक’ म्हणून आली.

ठाणे जिल्ह्यात बँड दोन वाटांनी आला. एक वाट किनाऱ्याची. वसई 1534 ते 1739 पोर्तुगीजांकडे होती आणि 2014 मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यात होती. तिथल्या ख्रिस्ती गावांत चर्चचा सण आणि लग्न बँडवाचून होत नाही. मुंबई-ठाण्याच्या कोळीवाड्यांतही हळदीला ब्रास बँड ही जुनी हौस. दुसरी वाट डोंगराकडची, तानसा-भातसा-काळूच्या खोऱ्यांतली, आणि ती बरीच उशिरा तयार झाली. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत वारली, ठाकर, कातकरी, कुणबी, आगरी हे लोक प्रामुख्याने राहतात. त्यांची स्वतःची वाद्ये आणि नाच भरपूर होते. वारल्यांचा तारपा, ठाकरांचा कांबडनाच, ढोल, सनई, संबळ. वारल्यांचे लग्न धवलेरी बाई गाणी म्हणून लावते; आगऱ्यांकडेही धवलारीण असते. बँड आला तेव्हा त्याने या गाण्यांची जागा घेतली नाही. विधी धवलारणीकडे राहिला आणि हळदीची रात्र व वरात बँडकडे गेली.

या भागात रोख पैसा आणि बाहेरचा वावर वाढवला तो रेल्वेने आणि मुंबईच्या पाण्याने. रेल्वे 1855 मध्ये वासिंदला आणि 1861 मध्ये कसाऱ्याला पोहोचली. तानसा धरण 1892 मध्ये पुरे झाले आणि तिथले पाणी मोठ्या नळांनी मुंबईला जाऊ लागले. 1957 मध्ये वैतरणेवरचा मोडकसागर आला, पुढे भातसा. आसनगाव, आटगाव, खर्डी ही स्थानके कल्याणशी जोडली गेल्याने शहापूरच्या गावांना तिकडचा बँड आणणे सोपे झाले. मुरबाडला रेल्वे नाही. तिथे कल्याण-माळशेज रस्ता हीच नाडी. म्हसे येथे पौष पौर्णिमेला भरणारी यात्रा गुरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे, आणि अशा जत्रेत खेळ, तमाशे, वाद्ये एकत्र येत. नवी चाल कानावर पडण्याची तीही एक जागा.

बँडचा धंदा या भागात रुजण्याचे मुख्य कारण शेतीच्या वेळापत्रकात आहे. इथे भात हे एक पीक, त्याच्या जोडीला वरकस जमिनीवर नाचणी-वरई. आषाढात आवणी, कार्तिकाच्या सुमारास कापणी-झोडणी, आणि मग पुढच्या पावसापर्यंत हाताला शेतीचे काम नाही. लग्ने तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि माघापासून ज्येष्ठापर्यंत जोरात असतात. ज्या महिन्यांत खाचर कोरडे असते नेमक्या त्याच महिन्यांत बँडला सुपाऱ्या मिळतात. वीटभट्टीवर कुटुंबासह स्थलांतर करण्याऐवजी गावात राहून कमावण्याची ही एक संधी होती, भले ती थोड्यांनाच मिळाली. पावसाळ्यात तालीम, गणपती-नवरात्रात मिरवणुका, नंतर लग्नसराई, असे वादकाचे वर्ष ठरून गेले. तिथी मात्र मोजक्या असतात. एका दिवशी पाच गावांतून मागणी येते आणि पुढचे आठ दिवस बँड घरी बसतो. म्हणून हंगामाआधी मालकाकडून उचल घेऊन पुऱ्या मोसमाला बांधून घेणे ही रीत पडली. तीत वादकाला पावसाळ्यातले धान्य मिळते आणि मालकाला माणूस मिळतो, पण दर ठरवण्याची ताकद मालकाकडेच राहते.

मुलगा या धंद्यात शिरतो तो खुळखुळा किंवा झांज घेऊन. पूर्वी डोक्यावर गॅसबत्ती धरून चालणे हीच पहिली पायरी असे. त्यातून ताल अंगात मुरला की साइड ड्रम, मग युफोनियमसारखे सोबतीचे वाद्य, मग ट्रंपेट. ओठ तयार व्हायला महिने लागतात. आरंभी नुसता एक लांब स्वर धरायचा सराव, दम टिकवण्यासाठी. मास्तर फी घेत नाही. वाद्य मालकाचे असते आणि शिकण्याच्या बदल्यात मुलगा कमी पैशांत वाजवतो. पितळी वाद्य पुढच्या दातांच्या आधाराने वाजते. दात हलू लागले की ट्रंपेटवाल्याचे दिवस भरतात, मग तो ढोलावर जातो किंवा मास्तर म्हणून बसून शिकवतो. बँडमधल्या शिक्षकीमागे असे शरीराचेही कारण असते, आणि म्हणूनच गावात चांगला शिकवणारा बहुधा साठीच्या आसपासचा असतो.

1990 नंतर रायगड-ठाण्यात बँडला प्रतिस्पर्धी उभा राहिला तो बेंजो. हे वाद्य म्हणजे बुलबुलतरंग. 1912 च्या सुमारास जपानात निघालेले ताइशोगोतो हे त्याचे मूळ. त्याला विजेची जोड देऊन कर्णे लावले की पाच-सहा पोरांत पुरा मांडव दणाणतो. बेंजोवर बोटे ठेवायला ओठ घडवावे लागत नाहीत, महिनाभरात पहिले गाणे निघते. बँडच्या बारा-पंधरा माणसांचा खर्च त्यापुढे यजमानाला जड वाटू लागला. पाठोपाठ डीजे आला आणि वादकच नको झाला. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर बंधन घातले. रात्रभर चालणाऱ्या हळदीच्या मिळकतीवर त्याचा परिणाम झाला. 2020 आणि 2021 या दोन्ही वर्षांची लग्नसराई करोनाच्या टाळेबंदीत बुडाली, आणि पुष्कळ बँडवाल्यांनी वाद्ये विकून दुसरी कामे धरली. जे टिकले त्यांनी बेंजोच बँडमध्ये घेतला, की-बोर्डची गाडी मागे जोडली आणि ट्रंपेट समोर ठेवले.

आज बँडच्या वादकाला खात्रीची नोकरी मिळते ती सरकारी पथकांतच. महाराष्ट्र पोलीस भरतीत बॅन्डस्मनच्या जागा वेगळ्या निघतात. लष्करात बँडचे शिक्षण स्वातंत्र्यानंतर जनरल करिअप्पा यांच्या पुढाकाराने पचमढीला सुरू झाले, तिथल्या प्रा. ए. लोबो यांनी ‘सारे जहाँ से अच्छा’ ची कूचगीताची मांडणी केली आणि दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये ती वर्षानुवर्षे वाजत आली. वाजवणे, रचणे आणि शिकवणे या तिन्हींना एका छपराखाली पगार मिळण्याची ही दुर्मीळ जागा आहे.

गावातल्या मास्तराला असे छप्पर नाही. त्याची रचना त्याच्या वहीत आणि चेल्यांच्या बोटांत असते. वही वाळवीने खाल्ली आणि चेला रिक्षा चालवू लागला की ती संपते. गेल्या साठ-सत्तर वर्षांत शहापूर-मुरबाडच्या हळदींत कोणती गाणी कशी वाजली, हे सांगणारी माणसे अजून आहेत आणि त्यांपैकी बरीच म्हातारी झाली आहेत. तालुक्याच्या महाविद्यालयांनी आणि गावच्या वाचनालयांनी त्यांच्या वह्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत, त्यांच्याकडून एकेक चाल वाजवून घेऊन ती ध्वनिमुद्रित करावी आणि त्याखाली बसवणाऱ्याचे नाव लिहावे. याला मोबाइल फोन पुरतो, आणि पावसाळ्यात मास्तर घरीच असतो.